आल्प्सचे घाट: चढ सोपा, उतार सांभाळा

गायमुखच्या घाटात कंटेनरमागे पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या ठाणेकराला घाटाचं भय नसतं. माळशेज पावसात पार केलेला असतो, कसारा तर पाठ असतो. पण कसाऱ्याहून इगतपुरीला पोचेपर्यंत आपण जेमतेम तीनशे मीटर चढतो. स्वित्झर्लंडमधल्या इनर्टकिर्शन गावातून सुस्टेनच्या खिंडीपर्यंतचा चढ १६०० मीटरचा आहे, आणि पलीकडे तेराशे मीटर उतरायचं असतं. चढ गाडी चढते. उतार मात्र चालवणाऱ्याला उतरावा लागतो. इथला सगळा मजकूर त्या हिशेबाने लिहिला आहे.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसा एकच, तो स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया तिन्हीकडे चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे आयडीपी आपल्याच आरटीओतून मिळतो: ठाणेकरांनी एमएच ०४, नवी मुंबईकरांनी एमएच ४३. अर्ज सारथी पोर्टलवर, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने स्वित्झर्लंडमध्ये ते चालून जातं, पण इटलीत आयडीपी लागतोच आणि गाडी भाड्याने देणारेही तो मागतात. मूळ लायसन्सही सोबत हवं, नुसत्या आयडीपीला किंमत नाही.

डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं, तेही ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं. काउंटरवर डेबिट कार्ड पुढे केलं की गाडी अडकते. विम्याच्या कागदात टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग वगळला आहे का ते वाचावं, कारण घाटात मार बसतो तो नेमका तिथेच.

गाडी लहान घ्यावी, फोक्सवॅगन गोल्फच्या मापाची. 'फुकटात मोठी एसयूव्ही देतो' म्हणाले तरी हात जोडावेत. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या वळणांवर ती फुकटची रुंदी महागात जाते.

सामानात पेढे, बर्फी, पनीर, तूप नको. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्यावी.

झुरिक ते मायरिंगन

रात्रभर विमानात बसून सकाळी उतरल्यावर त्याच दिवशी मोठी खिंड घेऊ नये. ल्युसर्नवरून ब्रुनिगची १००८ मीटरची बुटकी खिंड ओलांडून मायरिंगनला मुक्काम करावा. ब्रुनिग ही डाव्या हाताच्या स्टिअरिंगची रंगीत तालीम.

पहिल्या तासाभरात चुका ठरलेल्या. इंडिकेटर द्यायला जावं आणि वायपर फिरावा, कारण दांड्या उलट्या बाजूंना असतात. त्याहून वाईट खोड म्हणजे गाडी उजवीकडे सरकत जाणं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डावीकडे गाडी किती उरली हे अंगवळणी पडलेलं असतं. तिकडे चालक डावीकडे आणि गाडीचा सगळा पसारा उजवीकडे, त्यामुळे उजवी चाकं कडेच्या दगडाला घासतात. उपाय साधा: मधली रेघ आपल्या डाव्या गुडघ्याजवळून सरकतेय असं वाटलं पाहिजे. शेजारी बसणाऱ्याने फोटो बाजूला ठेवून पहिला दिवस उजव्या कडेवर नजर ठेवावी.

गोल चौकात उजवीकडून फिरायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. हेडलाइट दिवसाही लावलेले हवेत. वेगमर्यादा गावात ५०, बाहेर ८०, महामार्गावर १२०. कॅमेऱ्यापुढे 'थोडंसंच जास्त होतं' चालत नाही: गावात १ ते ५ किलोमीटरने ओलांडली तरी ४० फ्रँक, ६ ते १० ला १२०, ११ ते १५ ला २५०.

महामार्गाला व्हिनेट म्हणजे टोलचं स्टिकर लागतं, वर्षाचं ४० फ्रँक. झुरिकला घेतलेल्या स्विस नंबरच्या गाडीवर ते बहुधा असतंच, काचेवर बघून घ्यावं. स्वस्त पडते म्हणून गाडी मिलान किंवा म्युनिकहून घेतली तर ते आधी विकत घ्यायचं. नसेल तर २०० फ्रँक दंड, वर व्हिनेटचे ४० वेगळे.

सुस्टेन, फुर्का, ग्रिमसेल

मायरिंगनशेजारच्या इनर्टकिर्शनहून निघून तीन खिंडी करत तिथेच परत, साधारण १२० किलोमीटर. नकाशावर अडीच तास दिसतात. अख्खा दिवस ठेवावा आणि सातला बाहेर पडावं. आठवड्याच्या मधला दिवस असेल तर सोन्याहून पिवळं, कारण रविवारी मोटारसायकलींचे जथे असतात आणि ते मागे चिकटून येतात. आल्प्समध्ये दुपारनंतर ढग चढतात, सकाळी निवळ दिसणारी शिखरं तीनला गडप होतात.

सुस्टेनचा रस्ता १९४६ मध्ये खुला झाला. मोटारी डोळ्यांपुढे ठेवून आखल्यामुळे चढ एकसारखा, वळणं मोठी, कठडे दगडी. घाट कसा बांधावा हे बघायचं असेल तर हा. गाडमेन गाव मागे पडलं की झाडी संपते आणि डाव्या-उजव्या वळणांत श्टाइन हिमनदी एकदा पुढे, एकदा मागे दिसत राहते. खिंड २२२४ मीटरवर; कळसूबाईचं टोक १६४६ मीटर, म्हणजे तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्या पावणेसहाशे मीटर वर गाडी लावून चहा पीत असता. थर्मासमधून आणला असेल तरच चहा. विकतची कॉफी ५ फ्रँकच्या आसपास.

पलीकडे वासेनपर्यंत उतार, आणि इथूनच गिअरचा नियम सुरू: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहुतेक ठिकाणी तिसरा, वळणांवर दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर दांडा मॅन्युअलला नेऊन गिअर खाली घ्यावा, हायब्रीडमध्ये 'बी' असतं. क्रूझ कंट्रोल बंद. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू द्यावं.

आंडरमाटच्या आधी शोलेनेनची घळ लागते. त्यानंतर फुर्का, २४२९ मीटर. हा रस्ता सुस्टेनसारखा समजूतदार नाही: अरुंद, काही जागी कठड्याऐवजी नुसते दगडी खुंट. उतरताना नेमक्या वळणात जुनं बेल्व्हेडेर हॉटेल उभं आहे, १८८२ चं, आता खिडक्या बंद. त्याच्यामागे ऱ्होन हिमनदी. वितळणं लांबवण्यासाठी तिच्या काही भागावर उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं अंथरतात. दुरून तो बर्फच वाटतो, जवळ गेल्यावर मळके, फाटके पट्टे दिसतात आणि कडेने पाणी ठिबकत असतं. फोटोसाठी लोक वळणातच गाडी सोडून उतरतात. तसं करू नये, बाजूला जागा आहे.

याच उतारावर पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथली एसटी, भेटते. आधी वळणापलीकडून तिचा तीन सुरांचा भोंगा येतो, मग नाक दिसतं. निळ्या पाटीवर पिवळं बिगुल काढलेलं असेल त्या रस्त्यावर बसला वाट द्यायची आणि बसचालक सांगेल तसं करायचं, हा तिथला कायदाच आहे. चालक काचेतून बोट दोनदा मागे हलवतो, तुम्ही मागे घेता, तळहात आडवा झाला की थांबायचं. मग तो आरशाआरशात पंजाभर अंतर ठेवून निघून जातो आणि जाताना हात वर करतो. कपाळावर आठी नाही. एरवी समोरासमोर गाठ पडली तर चढणाऱ्याला आधी, उतरणाऱ्याने थांबायचं किंवा मागे घ्यायचं. नियम आपल्याकडेही हाच आहे, तिकडे पाळतात.

ग्लेचला खाली उतरलं की लगेच ग्रिमसेलचा चढ, २१६४ मीटर. ऱ्होनचं पाणी भूमध्य समुद्राकडे जातं, ग्रिमसेलपलीकडचं आरे नदीतून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राकडे. वर करडा ग्रॅनाइट, धरणांची दुधाळ हिरवी पाणी, वीजकेंद्रांच्या तारा. निसर्गचित्र म्हणून फुर्का उजवा, पण चालवायला ग्रिमसेलसारखी मजा नाही: रुंद, वळणं लांबून दिसणारी.

जेवायला इथे एल्प्लरमाग्रोनेन मागवावं: मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून मागवतानाच 'ओने श्पेक' म्हणावं. जवाचं सूप शाकाहारी वाटतं, बहुधा नसतं.

नुफेनेन आणि ट्रेमोला

दुसऱ्या दिवशी ग्रिमसेल उलट्या दिशेने, मग उलरिशेनहून नुफेनेन. २४७८ मीटर, पूर्णपणे स्वित्झर्लंडमध्ये असलेली सर्वांत उंच गाडीवाट, १९६९ मध्ये खुली झाली. पलीकडे ऐरोलोला उतरलं की भाषा इटालियन आणि कॉफी सुधारते.

ऐरोलोहून गोटहार्ड खिंडीपलीकडे जायचे तीन मार्ग: १७ किलोमीटरचा बोगदा, नवा रुंद घाट, आणि जुना ट्रेमोला. ट्रेमोला घ्यावा, आणि चढताना घ्यावा. ग्रॅनाइटच्या चौकोनी चिऱ्यांचा रस्ता, एकावर एक रचलेली २४ वळणं. ओला असताना चिरे साबणासारखे होतात, पावसात सरळ नव्या रस्त्याने जावं. दुसऱ्या गिअरमध्ये चालत्या सायकलच्या वेगाने वर यायचं. चिऱ्यांवर गाडी थरथरते आणि मागच्या सीटवरच्यांना गाडी लागते. ज्याला लागते त्याने पुढे बसावं, लांब बघावं, मोबाइल खाली ठेवावा. अव्होमिनने गुंगी येते, त्यामुळे चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

इथेच ताकद कमी झाल्याचं जाणवतं. हवा विरळ होते तशी टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे २४०० मीटरवर पाव भाग गायब. गाडी बिघडली नाही, गिअर खाली घ्यावा. टर्बोवाल्यांना हे फार कळत नाही.

ओबेराल्प, फ्लुएला

हा दिवस अंतर कापण्याचा. आंडरमाटहून ओबेराल्प, २०४४ मीटर. रस्त्याला लगटून लाल रेल्वे चालते आणि खिंडीत चक्क लाल दीपगृह उभं आहे. ऱ्हाइन इथून जवळ उगम पावते आणि नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते, तिथल्या दीपगृहाची ही छोटी प्रतिकृती. हजार-बाराशे किलोमीटरवर समुद्र आणि इथे दिवा! मुलांना हे फार आवडतं.

पुढे डिसेंटिस, दावोस, फ्लुएला (२३८३ मीटर), आणि झेरनेझ. पेट्रोल वाटेत कूरच्या आसपास भरावं. आधी भरायचं, मग पंपाचा नंबर सांगून आत पैसे द्यायचे. 'ब्लायफ्राय ९५' म्हणजे साधं पेट्रोल. हवा तिथे बारमध्ये मोजतात: २.४ बार म्हणजे आपले ३५ पीएसआय. चौघं आणि सामान असेल तर दारावरच्या पट्टीवरचा भरल्या गाडीचा आकडा घ्यावा, टायर थंड असताना. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटल्याने गेजवरचा आकडा वाढायला बघतो आणि थंडीने कमी व्हायला बघतो, दोन्ही एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. खिंडीत हवा काढायला बसू नये.

झेरनेझच्या बेकरीत अक्रोड-कॅरामलचा जाड केक मिळतो, एंगाडिनची खासियत. एक तुकडा दोघांत पुरतो.

स्टेल्व्हिओ

सकाळी ओफेन खिंड (२१४९ मीटर) राष्ट्रीय उद्यानातून, मग म्युस्टायर, सीमा, आणि प्राटो. प्राटोकडून ४८ क्रमांकित वळणं. पायथ्याला ४८ ची पाटी, माथ्यावर १ ची. रस्ता ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये कार्लो डोनेगानी या अभियंत्याकडून बांधून घेतला, घोडागाड्यांसाठी. वळणं इतकी आखूड का, याचं उत्तर तिथे आहे.

प्राटो ९१५ मीटरवर, माथा २७५७. तपमान हजार मीटरला साडेसहा अंशांनी पडतं, त्यामुळे खाली २८ असेल तर वर १६. स्वेटर डिकीत नको, हाताशी हवा.

ट्राफोय गावापर्यंत काही वाटत नाही. शेवटची पंचवीसेक वळणं समोरच्या भिंतीवर शिडीसारखी दिसतात, डावीकडे ऑर्टलरचं ३९०५ मीटरचं बर्फाळ शिखर.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे उजवी वळणं आतली आणि घट्ट, डावी बाहेरची आणि ऐसपैस. वळणाआधी मान वर करून पुढचे दोन टप्पे बघावेत: वरून बस, कॅम्परव्हॅन उतरतेय का? उतरत असेल तर आधीच्या सरळ तुकड्यावर थांबावं, वळणाच्या पोटात नाही. वेग वळणाआधी कमी करायचा, पहिला किंवा दुसरा गिअर आधी टाकायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. उजव्या वळणात आपल्या पट्ट्याच्या डाव्या कडेने शिरलं की मागचं चाक आतल्या दगडावर चढत नाही. अर्ध्या क्लचवर गाडी लोंबकळत ठेवली की दहाव्या वळणाला जळका वास येतो.

सायकलवाले शेकड्याने. ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं, तेवढं नसेल तर पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत मागे राहावं. उन्हाळ्याच्या शेवटाकडे एक दिवस हा रस्ता फक्त सायकलींना देतात, तारीख बघून निघावं.

माथ्यावर दुकानं, सॉसेजच्या टपऱ्या, स्टिकर, मोटारसायकलींची रांग. स्पष्ट सांगायचं तर माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरची सुट्टीतली गर्दी आठवते. रस्ता थोर आहे, जागा नाही. वेळ कमी असेल तर स्टेल्व्हिओ सोडावा, सुस्टेन सोडू नये.

आता बोर्मिओकडे १५०० मीटर उतार, मध्ये जुने, अरुंद, काळोखे बोगदे. गॉगल आधी काढावा. चार माणसं, सामान धरून १८०० किलोची गाडी एवढी खाली येते तेव्हा साडेसात युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने जिरवली तर ठीक, नाहीतर ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन बसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्याआधी खूण मिळते: जळका वास, पेडल नेहमीपेक्षा खोल. तेव्हा गिअर खाली घेऊन मोकळ्या जागी उभं राहावं, अर्धा तास थांबावं. चकत्यांवर पाणी ओतू नये, तडकतात. पाय सतत हलका ठेवून घासत उतरण्यापेक्षा एकदा नीट दाबून वेग कमी करावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात चकत्या निवतात.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी वरच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून उतरू नये. बॅटरी भरलेली असली की परत वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हायब्रीडची लहान बॅटरीही काहीशे मीटर उतारातच भरते.

बोर्मिओत पिझ्झोकेरी खावं. कुट्टूच्या पिठाच्या चपट्या पट्ट्या, कोबी, बटाटा, स्थानिक चीज, वर लसूण परतलेलं लोणी. मांस नसतं, पोट भरतं आणि चढ-उताराने दमलेल्या अंगाला बरं वाटतं. वाढणाऱ्या बाई अर्धी प्लेट देत नाहीत, हे आधीच धरून चालावं.

बर्फ, लिव्हिन्यो आणि परत

ठरलेला रस्ता उंब्राइलचा होता: २५०१ मीटर, स्टेल्व्हिओच्या माथ्याखाली फुटणारा, २०१५ मध्येच पूर्ण डांबरी झालेला. पण रात्री पाऊस लागला आणि सकाळी वरच्या कॅमेऱ्यात रस्ता पांढरा. सप्टेंबर असला तरी अडीच हजार मीटरवर हे धरूनच चालायचं, जुलै-ऑगस्टमध्येही होतं. पायथ्याच्या पाट्या लाल. भाड्याच्या गाडीला उन्हाळी टायर असतात, त्यावर बर्फात जायचं नाही, साखळ्या असल्या तरी नाही.

हॉटेलच्या मालकाने नकाशावर बोट ठेवलं ते लिव्हिन्योवर. फोस्कान्यो खिंड २२९१ मीटर असूनही बारमाही खुली ठेवतात. वर भुरभुर होती, रस्ता ओला पण काळा. लिव्हिन्यो करमुक्त आहे, पेट्रोल दोन्ही बाजूंच्या गावांपेक्षा बरंच स्वस्त, त्यामुळे टाकी इथेच भरावी. पुढे मुंट ला शेरा बोगदा: साडेतीन किलोमीटरच्या आत-बाहेर, एकच पट्टा, सिग्नलवर एकदा या बाजूच्या गाड्या, एकदा त्या. टोल लागतो. शनिवारी रांग मोठी असते. बोगद्यापलीकडे थेट ओफेनच्या रस्त्यावर निघतो, म्हणजे झेरनेझ पंधरा-वीस मिनिटांवर.

झुरिककडे युलिअर खिंडीने (२२८४ मीटर), तीही बारमाही. माथ्यावर रोमन काळातल्या खांबाचे दोन तुकडे रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत, धुक्यात एकच दिसला.

शहरात निळ्या रेघांच्या जागेत पोचल्याची वेळ दाखवणारी पार्किंगची तबकडी काचेमागे लावायची, काटा पोचल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासावर. तासाभराची जागा मोफत, तबकडी विसरली तर दंड. पांढऱ्या रेघा पैशाच्या, पिवळ्या खासगी, तिथे पाच मिनिटंही नाही.

गाडी परत देताना चारही रिम, उजव्या बाजूचे खालचे पत्रे आणि काच यांचे फोटो वेळेसकट घ्यावेत, टाकी भरल्याची पावती ठेवावी, आणि डिपॉझिट सुटल्यावरही ते कार्ड दोन-तीन महिने बंद करू नये. कॅमेऱ्याचे दंड उशिरा येतात, आणि भाडेवाले पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे त्याच कार्डावर लावतात.